नाताळच्या जेवणाला आल्प्सची लाल वाइन: दहा-बारा युरोंत, घरातल्या सगळ्यांसाठी

डिसेंबर लागला की म्युनिक, इन्सब्रुक, झुरिककडच्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो. पंचवीस तारखेला सगळे घरी आहेत, पुण्याहून आई-बाबा आले आहेत, शेजारचं जर्मन कुटुंबही जेवायला आहे, तर वाइन कोणती आणायची? बहुतेक जण दुकानात जाऊन जाड काचेची, गडद लेबलाची, साडेचौदा टक्के अल्कोहोलची बाटली उचलतात. सणाला भारदस्त काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. दोन तास चालणाऱ्या, पाच-सहा पदार्थांच्या घरगुती जेवणाला ती वाइन जड होते. दुसऱ्या घोटानंतर जिभेला कोरड पडते आणि ताटातली चव मागे पडते.

अशा जेवणासाठी माझा आग्रह आल्प्सच्या दक्षिण उतारावरच्या हलक्या लाल वाइनचा आहे, विशेषतः इटलीच्या उत्तर टोकाला असलेल्या दक्षिण तिरोलच्या फेरनाचचा. आठ ते बारा युरोंत उत्तम बाटली मिळते, आणि ज्यांनी आयुष्यात वाइन घेतलेली नाही त्यांनाही ती बोचत नाही.

आधी ही वाइन ओळखून घ्या

म्युनिकहून गाडीने निघालात की इन्सब्रुक, मग ब्रेनर खिंड, आणि तिथून खाली उतरलं की दक्षिण तिरोलमधलं बोत्सन. इटालियनमध्ये बोल्त्सानो. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीत होता, 1919 च्या तहाने इटलीकडे गेला. त्यामुळे इथे गावांना, द्राक्षांना, बाटल्यांना दोन-दोन नावं असतात. फेरनाच हे जर्मन नाव, स्कियावा हे इटालियन. जर्मनीच्या व्युर्टेम्बर्ग भागात तिच्यातलाच एक मोठ्या दाण्याचा प्रकार ट्रोलिंगर नावाने पिकतो. दुकानात ही तिन्ही नावं भेटतील, गोंधळू नका.

या द्राक्षाचे दाणे मोठे, साल पातळ. लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, मुख्यतः सालीतून येतो. साल पातळ म्हणून वाइनचा रंग कोकम सरबताइतका पारदर्शक, तुरटपणा अगदी कमी, अल्कोहोल साधारण बारा ते तेरा टक्के. वासाला लाल चेरी, स्ट्रॉबेरी, थोडी व्हायोलेटची फुलं, आणि घोट गिळल्यावर मागे उरणारी कडू बदामाची पुसटशी चव. ही बदामाची चव एकदा ओळखीची झाली की फेरनाच डोळे मिटूनही सापडते.

वेली जुन्या पद्धतीने मांडवावर चढवलेल्या असतात. बोत्सनहून रिटनला जाणाऱ्या केबल कारमधून खाली सांक्ट माग्दालेनाची टेकडी बघा. लाकडी मांडवांच्या ओळी उतारावर एकीखाली एक बसलेल्या दिसतात. पानांच्या छताखाली घोस लोंबतात, ऊन थेट अंगावर येत नाही, वारा खेळता राहतो. खोऱ्यात वसलेलं बोत्सन उन्हाळ्यात भयंकर तापतं, पण रात्री डोंगरावरून गार हवा उतरते. दिवसाच्या उष्णतेने द्राक्ष पिकतं आणि रात्रीच्या गारव्याने त्याचा ताजेपणा टिकतो.

इतकी चांगली वाइन स्वस्त का, तर तिचं नाव एकदा खराब झालं होतं म्हणून. 1970 च्या दशकात दक्षिण तिरोलमध्ये बहुतांश लागवड फेरनाचचीच होती. काल्टरर झे या सरोवराच्या नावाने पाणचट वाइन मोठ्या बाटल्यांत भरून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडला जायची. पुढे मागणी बसली, शेतकऱ्यांनी वेली उपटून पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली, आणि फेरनाचचं क्षेत्र मूळच्या छोट्याशा हिश्श्यावर आलं. पण उरले ते बहुतेक चांगल्या उताराचे, जुन्या वेलींचे मळे. दर्जा वर गेला, भाव मात्र जुन्या बदनामीमुळे फारसा चढला नाही. गिऱ्हाईक म्हणून आपल्या हे पथ्यावर पडतं.

जेवण ठरवा, मग बाटली

वाइन आधी घेऊन मग तिला साजेसं जेवण शोधू नका. पंचवीस तारखेला ताटात काय असणार ते कागदावर लिहा. त्यावरून दोनच प्रकार पडतात.

पहिला प्रकार: श्पेक नावाचं सुकवलेलं डुकराचं मांस, राय या धान्याचा कुरकुरीत, चपटा पाव म्हणजे श्युटलब्रोट, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड, भाजलेली कोंबडी, क्नोडल म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, चीज. या सगळ्याला फेरनाच. श्युटलब्रोटमध्ये बडीशेप, कॅरवे आणि निळ्या मेथीची पानं असतात. तुकडा मोडला की येणारा मेथीचा वास आपल्या माणसांना लगेच ओळखीचा वाटतो. आई-बाबांसमोर पहिल्यांदा तीच ठेवा, सोबत श्पेकचे पातळ काप किंवा नुसतं लोणी.

दुसरा प्रकार: भाजलेलं हंस, लाल कोबी, हरणाचं मांस, बीफ गुलाश. इथे फेरनाच कमी पडते, हे स्पष्टच सांगते. हंसाच्या चरबीला पेलणारी, जास्त आंबटपणाची आणि अंगाची वाइन लागते. त्यासाठी त्याच मुलखातली लाग्राइन घ्या, जी बोत्सनच्या ग्रीस भागात पिढ्यान्‌पिढ्या पिकते, किंवा थोडं दक्षिणेला ट्रेंटिनोतली तेरोल्देगो. तेरोल्देगोचं घर म्हणजे मेत्सोकोरोना आणि मेत्सोलोम्बार्दो या गावांभोवतीचं पियाना रोतालियाना हे सपाट, गोट्यांनी भरलेलं मैदान. दोन्ही द्राक्षं नात्यातली, दोन्हींचा रंग जांभळट गडद, चव काळ्या चेरीची आणि ब्लॅकबेरीची. लाल कोबीत सफरचंद, व्हिनेगर, लवंग पडते, त्या आंबटगोड चवीला तेरोल्देगो फार छान सांभाळते. भाव साधारण दहा ते पंधरा युरो.

पाच पिणारे असतील तर दोन बाटल्या पुरतात: 750 मिलीच्या एका बाटलीत 125 मिलीचे सहा ग्लास होतात. मी एक फेरनाच आणि एक लाग्राइन घेते. सुरुवातीला हलकी, हंस टेबलावर आल्यावर गडद.

दुकानात लेबल कसं वाचायचं

बाटलीवर "स्युडटिरोल" किंवा "आल्तो आदिजे" आणि डीओसी ही, वाइन ठरावीक प्रदेशातली असल्याची अधिकृत खूण असलेली अक्षरं आहेत का ते बघा. त्याखाली फेरनाच किंवा स्कियावा, नाहीतर गावाचं नाव असतं. सांक्ट माग्दालेनर असेल तर ती प्रामुख्याने फेरनाचचीच, पण बहुधा थोडी लाग्राइन मिसळलेली. त्यामुळे रंग आणि अंग जरा जास्त. "क्लासिको" किंवा "क्लासिश" लिहिलं असेल तर द्राक्षं बोत्सनजवळच्या जुन्या, मूळ टेकड्यांवरची. पैसे मोजकेच असतील तर माझी पहिली पसंती हीच. काल्टरर झे त्याहून हलकी आणि बहुतेकदा स्वस्त. आज तीही चांगली मिळते, फक्त तळाच्या फळीवरची सर्वांत स्वस्त बाटली टाळा.

वर्ष बघायला विसरू नका. फेरनाच तरुणपणी प्यायची वाइन आहे. ताजं किंवा त्याच्या मागचं वर्ष घ्या. चार-पाच वर्षं जुनी बाटली सवलतीत दिसली तर ती सवलत का आहे हे ओळखा आणि पुढे चला. जुन्या वेलींच्या मोजक्या खास बाटल्या मुरतात, पण त्या या बजेटच्या वरच्या.

उत्पादकाचं नाव बघून बिचकू नका. दक्षिण तिरोलची बरीचशी वाइन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बनवतात. कोल्हापूर-सांगलीकडे सहकारी साखर कारखाने आहेत तसे इथे केलराय. शेकडो कुटुंबं एकेक-दोनदोन एकरांचे तुकडे कसतात आणि द्राक्षं संस्थेला देतात. फरक असा की इथल्या चांगल्या संस्था नुसत्या वजनावर पैसे देत नाहीत, दर्जाप्रमाणे देतात. केलराय काल्टर्न, केलराय बोत्सन, गिरलान, ट्रामिन, सांक्ट मिखाएल एप्पान यांपैकी कुठलंही नाव दिसलं तर निर्धास्त घ्या. 2001 मध्ये ग्रीस आणि सांक्ट माग्दालेना या दोन संस्था एकत्र येऊन केलराय बोत्सन झाली. म्हणजे लाग्राइनचं गाव आणि फेरनाचची टेकडी एकाच छपराखाली.

झुरिककरांनो, मिग्रोसमध्ये शोधू नका, तिथे दारू विकतच नाहीत. कोप किंवा डेन्नरमध्ये जा. तिथे दक्षिण तिरोलची बाटली नाही मिळाली तर वालिस खोऱ्यातली डोल घ्या, जी पिनो न्वार आणि गामे मिळून होते. तीही आल्प्सचीच, तीही हलकी. जिनिव्हा किंवा ग्रनोबलच्या बाजूला असाल तर फ्रान्सच्या सावोईतली मोंद्यूझ ही लाल वाइन. तिला मिरीचा वास येतो, आणि आर्बें गावची असेल तर फार सुरेख.

घरात कोणी शुद्ध शाकाहारी असेल आणि वाइन घेणार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारं आयसिंग्लास वापरतात. ते बहुतांशी गाळून निघतं, पण काहींना ते मुळातच चालत नाही. मागच्या लेबलावर "व्हेगन" लिहिलेली बाटली निवडा. भरपूर मिळतात.

शाकाहाऱ्यांचं ताट मागे ठेवू नका

दक्षिण तिरोलचं जेवण म्हणजे नुसतं मांस, हा समज चुकीचा आहे. पालकाचे क्नोडल हा तिथला रोजचा, घरगुती पदार्थ, आणि फेरनाचसोबत माझ्या मते हंसापेक्षाही सरस.

चार माणसांसाठी शिळ्या पावाचे बारीक चौकोनी तुकडे दीडशे ग्रॅम घ्या (जर्मन दुकानात क्नोडलब्रोट म्हणून तयार मिळतात). तीनशे ग्रॅम पालक उकळत्या पाण्यातून काढा, गार करून मुठीत घट्ट पिळा आणि बारीक चिरा. पिळण्यात आळस केलात तर गोळे पाण्यात फुटतात. एक कांदा आणि एक लसूणपाकळी लोण्यात मऊ होईपर्यंत परता. पाव, पालक, कांदा, दोन अंडी, शंभर मिली कोमट दूध, दोन चमचे मैदा, मीठ आणि किसलेलं जायफळ एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. मग ओल्या हाताने लिंबाहून थोडे मोठे गोळे वळा. आधी एकच गोळा हलक्या उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडून बघा. सुटायला लागला तर मिश्रणात आणखी चमचाभर मैदा घाला. बाकीचे बारा ते पंधरा मिनिटं शिजवा, पाणी खळखळू देऊ नका. वर तपकिरी होईपर्यंत कढवलेलं लोणी आणि किसलेलं चीज. ते लोणी आणि फेरनाचची बदामी चव एकमेकांना शोधत येतात.

अंडं चालत नसेल तर आल्प्सच्याच वाल्तेलीना खोऱ्यातला पित्सोकेरी करा: चार भाग कुट्टूचं पीठ, एक भाग मैदा, पाण्यात भिजवून केलेल्या जाड, आखूड पट्ट्या. त्या बटाटे आणि कोबीबरोबर एकाच भांड्यात उकडून, चीज आणि लसणीच्या लोण्यात थरावर थर रचून वाढतात. पार्मेझान मात्र वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणून कडक शाकाहाऱ्यांसाठी चीजच्या पाकिटावर सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलंय का ते पाहा.

आणि ताटात आपलं जेवण असेल तर

अनेक घरांत पंचवीस तारखेला एक भांडं मटणाचं असतंच, आणि असावंच. तिखट आणि वाइन यांचं जमत नाही असं सरसकट म्हणतात. खरी अडचण जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिनची असते: मिरचीची जळजळ दोन्हींनी वाढते. फेरनाचमध्ये दोन्ही कमी. शिवाय ती गार प्यायची. म्हणून खोबऱ्याच्या वाटणातलं मटण, कोल्हापुरी पांढरा रस्सा, सुकं चिकन, भरली वांगी यांना ती खरोखर चालते. तांबड्या रश्श्याला ती पुरी पडत नाही, तिथे वाइन बाजूला ठेवा आणि रश्श्याचा मान रश्श्याला द्या.

कोकम आणि चिंच जपून वापरा. जास्त आंबट पदार्थासमोर ही वाइन निस्तेज, पाणचट लागते. गोडाचं त्याहून वाईट: श्रीखंड किंवा गुलाबजामनंतर तिचा घोट घेतला तर ती आंबट आणि कडवट लागते. त्यामुळे पक्वान्न ताटात आधीपासून वाढण्याची आपली पद्धत या एका दिवशी बदला. गोड शेवटी आणा. त्सेल्टन हा सुकामेव्याचा तिरोली नाताळचा पावही शेवटीच, कॉफीबरोबर.

गारवा: सगळ्यात महत्त्वाची पायरी

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, हा सल्ला हीटिंग नसलेल्या दगडी घरांच्या काळातला आहे. डिसेंबरमध्ये आपल्या फ्लॅटमध्ये एकवीस-बावीस अंश असतात. त्या तापमानाला फेरनाचचा चेरीचा वास विरतो आणि अल्कोहोल नाकात जातं. तिला तेरा-चौदा अंश हवेत.

जेवणाच्या दीड तास आधी बाटली फ्रिजमध्ये ठेवा. विसरलात तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय गारवा बाटलीभर पोचत नाही. बाटलीला हात लावल्यावर ती स्पष्ट गार लागावी, पण बोटं बधिर होऊ नयेत. ग्लासात ओतल्यावर ती पाच-दहा मिनिटांत एक-दोन अंश चढतेच, तेव्हा किंचित जास्त गार असलेलीच बरी. बाल्कनीत ठेवायचा मोह आवरा, कडाक्याच्या थंडीत उणे पाच-सहाला वाइन गोठते आणि बूच वर सरकतं.

लाग्राइन आणि तेरोल्देगोला सोळा अंश पुरे, म्हणजे फ्रिजमध्ये साधारण तासभर.

उघडणं, ओतणं, पहिला घोट

फेरनाच जेवायला बसतानाच उघडा. लाग्राइन अर्धा तास आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवली तर तिचा सुरुवातीचा कडकपणा उतरतो. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, ताज्या प्यायच्या वाइनला ते उत्तमच. बूच असेल तर स्वतःच्या ग्लासात थोडी ओतून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसटलेल्या तळघराचा वास आला तर वाइन बिघडलेली आहे. बाटली झाकण लावून पावतीसकट दुकानात परत न्या, चांगली दुकानं बदलून देतात.

ग्लास एक तृतीयांश भरा. साधा, तोंडाशी किंचित निमुळता ग्लास पुरेसा आहे, महागडे संच नकोत. पहिल्यांदा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना दोन घोटांइतकीच ओता आणि सांगा, "बाबा, आधी ब्रेडचा तुकडा खा, मग घोट." मिठाचा, थोडा तेलकट घास आधी गेला की वाइन मऊ लागते. आवडली नाही तर आग्रह नको, ग्लास तुम्ही संपवा.

जे घेत नाहीत त्यांच्यासमोरही काचेचा चांगला ग्लासच ठेवा. दक्षिण तिरोल सफरचंदांचाही मुलूख आहे. न गाळलेला, गढूळ सफरचंदाचा रस गार करून द्या, क्नोडलबरोबर तो मस्त लागतो. मुलांना तोच. जो गाडी चालवणार आहे त्यालाही तोच: जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, पण जर्मनीत नव्या परवान्याच्या पहिल्या दोन वर्षांत आणि एकविसाव्या वर्षाआधी शून्य. भारतातून आलेल्या पाहुण्याने औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं.

भारतात नेण्याबद्दल

आई-बाबा परतताना एखादी बाटली न्या म्हणतात. भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या सहज. त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पुण्या-मुंबईत हीच वाइन शोधत बसू नका. मिळालीच तरी आयात कर आणि वाटेतल्या सगळ्यांचे हात लागून ती स्वस्त राहत नाही, आणि तिची अर्धी गंमत स्वस्त असण्यातच आहे. नेलेली बाटली तिथल्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवू नका. पोचल्यावर महिन्याभरात, फ्रिजमधून काढून, घरच्या मटणाबरोबर उघडा.

उरलेली वाइन त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून, उभी फ्रिजमध्ये ठेवा. फेरनाच दोन दिवस, लाग्राइन तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर ती गुलाशमध्ये जाऊ द्या: मांस आणि कांदा परतून झाला की ग्लासभर ओता, अर्धी आटेपर्यंत मोठ्या आचेवर ठेवा, आणि मग पाणी घाला.